जिन्याखालची लाल-निळी खोकी

६ मार्च

लाडक्या भिंगरीला आजीचा गालगुच्चा,

वरची तारीख शेजारच्या शिंपीणबाईला विचारून घातली आहे, चुकली असेल तर तिला बोल. तुझं पत्र कधीचं आलंय आणि मी आत्ता उत्तराला बसतेय म्हणून फुगून बसू नकोस. मला एक ओळ लिहायची म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. शाळा मी दुसरीत सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं, घरी धाकटी भावंडं रडत होती ना. अजून जोडाक्षर आलं की पेन अडतं, आपला बोका जिन्यात आडवा पसरला की मी अडते तसं. तू फोन घे म्हणतेस. अगं, फोनवर तुझं बोलणं मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. पत्रच बरं. पत्र परत परत वाचता येतं आणि ते मध्येच "ऐकतेयस ना?" असं ओरडत नाही.

आता बातमी. आपल्या इमारतीत खाली छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा ना, तिथे कॉम्प्युटरचं दुकान निघालंय! दुकानदाराचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, मी त्याला चष्मेबहाद्दर म्हणते, तो हसतो. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटर पसंत केला की तो खोक्यातून काढून जोडून बघतो, मग हातगाडीवरून घरी पोचवतो. रिकामी खोकी आपल्या जिन्याखाली रचतो, रद्दीवाला येईपर्यंत. आणि भिंगरे, खोकी दोनच रंगांची. लाल आणि निळी. लाल तुझ्या कंपनीची, निळी ठोंब्याच्या कंपनीची! माझी दोन्ही नातवंडं माझ्या जिन्याखाली एकमेकांना टेकून उभी. मी जाता-येता दोन्हींवरून हात फिरवते. शिंपीणबाई म्हणाली, "आजी, पुठ्ठ्याला काय कुरवाळता?" म्हटलं, "तुला नाही कळायचं. हा पुठ्ठा माझ्या अंगाखांद्यावर खेळलाय."

आता जरा मनातलं. तुझ्या पत्रात ठोंब्यादादाचं नाव नसतं. त्याच्या पत्रात तुझं नसतं. दोघं एका शहरात राहता, आणि त्याची खुशाली तुला मी कळवायची? काय बिनसलंय? एकदा लिही, म्हणजे माझ्या डोक्यातला भुंगा थांबेल.

तुझी आजी


१९ मार्च

प्रिय आजी,

आधी एक विनंती. लोकांना "आमची नात कॉम्प्युटर करते" असं सांगत फिरू नकोस. मी कॉम्प्युटर करत नाही. आमचे किती खपले आणि निळ्यांचे किती खपले, याची तुलना करते. दर तीन महिन्यांनी. एवढंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकडे.

आणि ते आकडे तरी खरे असतात का? सगळ्या दुकानांत जाऊन मोजणार कोण? म्हणून एक संस्था काही दुकानं निवडते. तिची माणसं महिनाअखेरीला फाइल घेऊन जातात आणि लाल किती गेले, निळे किती गेले ते लिहून आणतात. एकेका दुकानावरून आजूबाजूच्या सगळ्या भागाचा अंदाज बांधायचा. तुझ्या भाषेत, शितावरून भाताची परीक्षा. दुकान कुठलं ते आम्हालाही सांगत नाहीत, नुसता क्रमांक. तेच आकडे दोन्ही कंपन्या विकत घेतात आणि दोन्हींचे वरिष्ठ "आम्हीच पहिले" म्हणून मिरवतात. निळे पुढे दिसले की आमच्या मोठ्या बाई माझ्यावर खेकसतात, जणू त्यांचे कॉम्प्युटर मीच पाठीवरून नेऊन विकले.

दादाचं विचारतेस? तर ऐक. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ही तुलना आम्ही मिळून करायचो. मी डबा उघडला की पहिला हात त्याचा. एका सकाळी आले तर टेबल रिकामं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझा भाऊ निळ्यांकडे गेला. तिथे हेच काम करणार. तुला माहीत असेलच." मला माहीत नव्हतं, आजी. सख्ख्या भावाचं मला परक्या बाईच्या तोंडून कळलं. तेव्हापासून बाई माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघतात. माझी बढती अडकली ती अडकलीच. तो फोन करतो, मी उचलत नाही. त्याचा विषय नको. आणि तू मध्ये पडू नकोस.

भिंगरी


२ मे

माझ्या रागीट भिंगरीस,

मध्ये पडू नकोस म्हणालीस, नाही पडत. मध्ये पडायला माझी हाडं कुठे मजबूत आहेत?

पण मला हल्ली इतकं छान काम मिळालंय की काय सांगू! गुडघ्यामुळे एका दमात जिना चढवत नाही, म्हणून मी दुकानात टेकायला लागले. चष्मेबहाद्दराने खुर्ची दिली, पंख्याखाली. आता माझं रोजचंच झालंय. बोकाही येतो, चालू कॉम्प्युटरच्या गरम पेटीवर झोपतो. तर एकदा एक मास्तर आले. खूप वेळ इकडून तिकडे बघत राहिले, शेवटी विचारलं, "कुठला घेऊ?" चष्मेबहाद्दर म्हणतो, "दोन्ही चांगले." हे काय विकणं झालं? मी म्हटलं, "मास्तर, लाल घ्या. माझी नात आहे तिथे. लहानपणी तिने भिंतीवरचं घड्याळ उघडून परत जोडलं. एक चाक बाहेर उरलं, तरी घड्याळ चालत होतं!" मास्तरांनी लाल घेतला. मला काय आनंद झाला म्हणतेस!

पण वर जाताना जिन्याखाली बघितलं तर लाल खोक्यांचा ढीग ऐटीत उभा, आणि निळी खोकी बिचारी कोपऱ्यात. ठोंब्याचा चेहरा आला डोळ्यांसमोर. तुला आठवतं, तुमच्या लहानपणी दुधावरची साय? तुम्ही दोघं वाट्या एकमेकींना लावून बघायचात, आणि एका वाटीत जरा जास्त दिसली की घर डोक्यावर. मग मी काय करायचे? कमी असेल तिच्यात चमचाभर घालायचे. तेव्हा ती दुसरीहून जास्त व्हायची. मग दुसरीत. सायीचं भांडं रिकामं व्हायचं, पण वाट्या सारख्या!

तेच करते. दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर आले, त्यांना म्हटलं, "निळा घ्या, माझा नातू आहे तिथे. सावकाश करतो पण केलेलं मोडत नाही." डॉक्टर म्हणाले, "आजी, काल मास्तरांना तर लाल सांगितलात!" म्हटलं, "मास्तरांचं वेगळं, ते लाल शाईने लिहितात." डॉक्टरांनी निळा नेला. तेव्हापासून आधी जिन्याखाली डोकावते, ज्याचा ढीग बुटका त्याची बाजू घेते. लोक म्हाताऱ्या बाईचं ऐकतात गं. त्यांना वाटतं, ही कशाला खोटं बोलेल? रद्दीवाल्यालाही बजावलंय, महिना संपेपर्यंत खोक्यांना हात लावशील तर बघ. चष्मेबहाद्दर खूश, त्याला काय, कुठला तरी खपतोय.

परवा महिनाअखेरीला एक फाइलवाला आला, उन्हातून, पार सुकलेला. त्याला पाणी दिलं. चष्मेबहाद्दराने सांगितलं, "लाल आणि निळे सारखेच." फाइलवाला म्हणाला, "अगदी सारखे?" मी टाळीच वाजवली. म्हटलं, "सारखे म्हणजे सारखे! लिही!" गोड माणूस होता. त्याच्या मावशीचाही गुडघा दुखतो.

तू जेवतेस ना वेळेवर? केसांना तेल लाव. तापलेलं डोकं त्याने शांत होतं.

तुझी आजी


५ जुलै

आजी,

तुझी दोन जाडजूड पत्रं आली आहेत. खोटं कशाला सांगू, पुरती वाचलेली नाहीत. बोका, मास्तर, घड्याळ इथवर आले आणि मोठ्या बाईंनी बोलावलं. नंतर पुन्हा उघडायला जीवच उरला नाही. रागावू नकोस.

इथे माझ्या गळ्याशी आलंय. सत्तेचाळीस क्रमांकाचं एक दुकान आहे. कुठलं, कोणाचं, देव जाणे. तो सगळा भाग आमचा, लालचा. तिथे निळ्यांना कुणी विचारत नव्हतं. एप्रिलमध्ये त्या दुकानातून लाल आणि निळे अगदी सारखे गेले. म्हटलं, होतं कधी कधी. मे महिन्यात सारखे. जूनमध्येही सारखे! एका दुकानावरून सगळ्या भागाचा अंदाज बांधतो, म्हणजे कागदावर आमचा निम्मा भाग निळ्यांच्या घशात गेला. तीन महिन्यांच्या तुलनेत आम्ही मागे पडलो, ते त्या एका दुकानामुळे.

बाईंनी कागद माझ्यासमोर आपटला. "दुकानदार नाणं उडवून माल विकतो का?"

मी म्हटलं, "बाई, संस्थेकडून असंच आलंय."

"संस्थेकडून आलंय की भावाबरोबर बसून ठरवलंय? तो त्या टेबलावर, तू या टेबलावर, आणि आकडे जुळ्यांसारखे!"

आजी, ज्या भावाशी मी वर्षभर एक शब्द बोललेली नाही, त्याच्याशी संगनमत केल्याचा आरोप माझ्यावर! रडू की हसू? मी संस्थेला विचारलं. ते म्हणतात आमचा माणूस स्वतः जाऊन आला, आकडे बरोबर आहेत. महिनाअखेरपर्यंत मी कारण दिलं नाही तर मला गोदामात टाकणार, माल उतरवून घ्यायला. वर नाव बदनाम. या धंद्यात एकदा आकड्यांत फेरफार करणारी म्हणून नाव झालं की दारात कुणी उभं करत नाही.

मला काही सुचत नाही. तेल लाव म्हणून लिहू नकोस.

भिंगरी


१४ जुलै

आजीस ठोंब्याचा नमस्कार,

तू कळवलंस की भिंगरीला गोदामात पाठवणार आहेत. तेव्हापासून झोप नाही. इकडे आमच्या साहेबांनीही मला उभं केलं होतं. निळे वाढले म्हणून आधी पाठ थोपटली, मग म्हणाले, "इतके सारखे? तुझी बहीण तिकडे आहे ना?" पाठ थोपटलेला हातच गळ्याशी आला.

तुला माहीत आहे, मी वाचायला मंद आहे. तुझं पत्र आलं की बोट ठेवून ओळीओळीने वाचतो. तू मला मेच्या सुरुवातीला मास्तर, दातांचे डॉक्टर आणि फाइलवाल्याबद्दल लिहिलं होतंस, तेव्हा मी नुसता हसलो. काल पत्र परत काढलं. "सारखे म्हणजे सारखे! लिही!" तिथे बोट थांबलं. आजी, दुकान क्रमांक सत्तेचाळीस म्हणजे तुझ्या जिन्याखालचं दुकान. तू गिऱ्हाइकं वळवतेस, फाइलवाला तेच लिहून नेतो, आणि इथे दोन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसतात.

आता ताबडतोब थांब. कुणालाही काही सुचवू नकोस. आणि भिंगरीला लगेच लिही की हे तू केलंस. मी फोन केला होता, माझा आवाज ऐकून तिने ठेवला. तिचं बरोबर आहे. जाताना मी तिला सांगायला हवं होतं. निळ्यांनी "कुणाला बोलायचं नाही" म्हणून सही घेतली होती, आणि मी सहीला घाबरलो. तुझ्या एका पत्राने तिची नोकरी वाचेल. आजच टपालात टाक.

ठोंब्या


१८ जुलै

माझ्या शहाण्या ठोंब्या,

म्हणजे माझ्या बोलण्याने दोन कंपन्या हलल्या? मी, जिला पोस्टात गेल्यावर खिडकी सापडत नाही? शिंपीणबाईला सांगितलं तर तिच्या हातातली सुई पडली. अरे, शितावरून भात बघतात हे भिंगरीने लिहिलं होतं, पण ते शीत माझ्याच जिन्याखाली आहे हे मला कुठे ठाऊक! मी आपली दोन वाट्या सारख्या करत होते.

हसले, पण मग पोरीचं आठवलं आणि हसू आटलं. गोदामात ओझी उतरवणार माझी भिंगरी? आजपासून दुकानात बसले तरी तोंडाला कुलूप. बोक्याशीसुद्धा बोलायची नाही.

पण पत्राचं म्हणशील तर मी लिहिणार नाही.

ओरडू नकोस, पुढे वाच. ती माझी पत्रं पुरती वाचत नाही, तिने स्वतःच लिहिलंय. मी परत लिहीन, ते बोक्यापाशी सोडून देईल. मग महिना संपेल. तू बोट ठेवून वाचलंस, तुलाच कळलं, तूच सांग. फोनवर नाही. फोन ठेवता येतो, दारात उभा राहिलेला माणूस ठेवता येत नाही. माझं ते मे महिन्याचं पत्र बरोबर ने. तिच्या बाईंना वाचून दाखवायचं तर दाखव, मला लाज नाही, अक्षर तेवढं वाईट आहे म्हणून सांग.

आणि एक. जाताना डबा घेऊन जा. उघड आणि गप्प उभा राहा. या वेळी पहिला हात तिचा पडू दे.

तुझी आजी


१ ऑगस्ट

आजी,

हे पत्र मी दात-ओठ खात लिहितेय. ठोंब्याला पाठवलंस! कामावरून सुटले तर फाटकाशी उभा. हातात तुझं पत्र, दुसऱ्या हातात डबा, चेहरा पकडलेल्या चोरासारखा. मी सरळ पुढे गेले. तो मागून.

"भिंगरे, गोदामात जायचंय का तुला?"

"तुला काय त्याचं? तू जा तुझ्या निळ्यांकडे."

"सत्तेचाळीस नंबर आजीच्या जिन्याखाली आहे."

मी थांबले. त्याने पत्र पुढे केलं. तिथेच, रस्त्याच्या कडेला, लोक धक्के देत होते तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मास्तर लाल शाईने लिहितात! आजी, तीन महिने मी डोकं फोडून घेतलं, संस्थेशी भांडले, बाईंच्या शिव्या खाल्ल्या, आणि उत्तर माझ्याच खणात पडलेलं, मी न वाचलेल्या पानांवर. कुणाचा जास्त राग यावा हेच कळेना. तुझा, त्याचा की माझा.

डबा त्याने उघडला आणि मुकाट उभा राहिला. मी म्हटलं, "आता काय, भरवू?" त्याने मान हलवली आणि डबा आणखी पुढे केला. भूक लागली होती म्हणून खाल्लं. बाकी काही समजू नकोस.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर तुझं पत्र मोठ्याने वाचलं. "सारखे म्हणजे सारखे! लिही!" ला त्या हसल्या, मग आपण हसलो हे आठवून जास्तच चिडल्या. संस्थेने सत्तेचाळीस नंबर यादीतून काढला. माझ्यावरचा आरोप गेला, गोदाम टळलं. ठोंब्याच्या साहेबांनीही त्याला सोडलं. पण तीन महिन्यांची सगळी तुलना आता पहिल्यापासून. लाल पुढे की निळे पुढे, आज कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बढतीचं नाव कुणी काढत नाही. परत आकडे, परत कागद.

आणि दादाशी माझं बोलणं सुरू झालंय असं गावभर सांगू नकोस. फक्त कामापुरतं बोलतो. रोज.

रविवारी दोघं येतोय. तुला रागवायला. तयारीत राहा.

भिंगरी


१० ऑगस्ट

भिंगरी आणि ठोंब्या, दोघांच्याही डोक्यावर माझा एकच हात,

काय सुंदर रागावलात रे! मी दाराच्या मागे उभी राहून जिन्यातून तुमचा आवाज ऐकला. म्हणजे ऐकला कसला, कान कुठे आहेत, पण जिना थरथरला. "आजी, तुला कळतं का तू काय केलंस?" असं भिंगरी ओरडली, ते मात्र ऐकू आलं. मला रागवायला आलात आणि पाणी पिऊन होईपर्यंत एकमेकांवरच सुरू! "आमचे जास्त खपले असते." "तुझ्या आजीने विकले म्हणून." "आजी तुझी पण आहे!" शिंपीणबाई धावत आली, म्हणाली, "आजी, भांडण लागलंय का?" म्हटलं, "लागलंय, लागलंय! तू दार लाव आणि जा." वर्षाचं साठलेलं भांडण, त्याला निवांत जागा नको?

मी साय काढून ठेवली होती. या वेळी दोन वाट्या घेतल्याच नाहीत. एकच वाटी ठेवली, दोन चमचे ठेवले आणि आत बोक्याला बघायला गेले. तुमच्यात कुणाला जास्त गेली ते मी पाहिलं नाही, आणि आता कुणी विचारलं तरी मला ठाऊक नाही. आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि भिंगरी म्हणत होती, "सही घेतली म्हणून काय झालं, डोळ्याने खुणावता आलं असतं ना?" आणि ठोंब्या रिकामीच वाटी चमच्याने खरवडत होता. अजून तिचा राग आहे हे मला दिसलं. असू दे. राग आहे म्हणजे बोलायला विषय आहे.

मी दुकानात आता नुसती बसते. जिन्याखाली लाल ढीग वाढलाय, निळा बुटका राहिलाय. काल एक बाई विचारत होत्या, "आजी, तुम्हीच सांगा." जीभ इतकी वळवळली! पदर तोंडात धरून बसले. बाईंना वाटलं दाढ दुखतेय. त्या दातांच्या डॉक्टरांचा पत्ता देऊन गेल्या.

हे पत्र एकच आहे. दोघांना वेगळं लिहायला बोटं दुखतात, आणि आता तशी गरज काय? पाकिटावर तुमची दोघांची नावं घातली. पोस्टात खिडकी शिंपीणबाईने दाखवली. आतला माणूस म्हणाला, "आजी, नावं दोन आणि पत्ते पण दोन! यातल्या कुठे पोचवायचं?"

म्हटलं, "कुठेही टाक बाबा. एकाला मिळालं की तो दुसऱ्याला वाचून दाखवेल."

तुमची आजी